दोन पाळ्यांचा एक चष्मा

माझ्या दुकानात निम्मं गिऱ्हाईक खोटं बोलत आत येतं. "मला नाय हो, हिला दावायचंय," म्हणत नवरा बायकोला पुढे ढकलतो आणि स्वतः भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते डोळे बारीक करून बघत बसतो. बायको म्हणते, "मला चांगलं दिसतं, ह्यांनाच दिसत नाय." दोघंही खोटं बोलत असतात. मी दोघांनाही आळीपाळीने स्टुलावर बसवते. पोट दुखतंय हे माणूस चारचौघांत सांगतो, दाढ दुखतेय हेही सांगतो, पण दिसत नाही हे कबूल करताना त्याची जीभ जड होते.

कर्जतच्या बाजारपेठेतलं हे दुकान मूळ सासऱ्यांचं. घड्याळं आणि चष्मे. माझे यजमान शाळेत गणित शिकवायचे आणि दुकानात बसणं त्यांना कधी मानवलं नाही. मला घरात बसणं मानवत नव्हतं. सासऱ्यांनी हे हेरलं आणि मला हाताखाली घेतलं. काच घासायची कशी, फ्रेम गरम करून वाकवायची कशी, हे त्यांनी शिकवलं. पुढे मी रीतसर कोर्सही केला. घड्याळं मोबाइलने गिळली. चष्मे उरले आणि त्यांच्याबरोबर मी. आता केस पांढरे झालेत, लोक 'चष्मेवाल्या काकू' म्हणतात आणि शनिवार-रविवारी फार्महाउसवर येणारी मंडळी गॉगलचा पडलेला स्क्रू बसवून घ्यायला गाडी दुकानासमोर आडवी लावतात. त्यांच्याकडे गाडीत एक, पर्समध्ये एक आणि मुंबईच्या घरी एक असे चष्मे असतात. त्यांचा स्क्रू मी बसवून देते, पण मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दल नाही.

आधी धंद्यातली एक साधी गोष्ट समजून घ्या. चाळिशी हा रोग नव्हे. वयाबरोबर जशी कंबर वाकेनाशी होते, तसं डोळ्यातलं भिंगही ताठर होतं आणि जवळचं धूसर दिसायला लागतं. सगळ्यांचंच होतं, राजाचं आणि रंकाचंही. त्यावर उपाय म्हणजे एक साधी काच. पण आमच्याकडे चष्मा म्हणजे वाचायचं सामान अशी समजूत. "आमी काय पेपर वाचतो, काकू?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही उत्तर देईन. अगं बाई, तांदळातले खडे कोण निवडतं? पोराच्या पायातला काटा कोण काढतं? गोधडी कोण शिवतं, रात्रीची गोळी कुठली आणि सकाळची कुठली हे कोण बघतं?

म्हणून अक्षरांचा तक्ता मी भिंतीवर टांगलाय खरा, पण माझी खरी परीक्षा वेगळीच. एक सुई, पांढरा दोरा आणि ताटलीत खडे टाकलेले तांदूळ. ज्याला अक्षर येत नाही त्याला तक्त्यासमोर बसवून ओशाळं करायचं नाही हा माझा नियम. सुई सगळ्यांना येते. पुरुषही ओवतात, गोणपाट शिवायला लागतंच.

गरिबीत माणूस 'दिसत नाही' असं म्हणतच नाही. तो एकेक काम सोडून देतो. "तांदूळ आता सून निवडते." "शिवायचं आता मन लागत नाय." "सांजच्याला मी बाहेर जात नाय." कामं सुटत जातात तशी घरातली किंमत कमी होते, मग त्याला कुणी काही विचारेनासं होतं आणि चाळीस-पंचेचाळिशीची बाई कोपऱ्यात बसून म्हातारी होते. डोळा दुखत नसतो, त्यामुळे त्याच्यावर खर्च करायचा कशाला, हा हिशेब. छपराचा पत्रा उडाला तर दिसतो, डोळ्याचं काही बाहेरून दिसत नाही.

पोशीरचे नामदेवबाबा आठवतात. भातशेती चांगली, माणूस कामाला वाघ, पण चालताना बांधावरून धाडकन खाली यायचे. घरच्यांना वाटलं, बाबा घेतात. आणले माझ्याकडे. बघते तर नाकावर भिंगासारख्या जाड काचांचा चष्मा! "कुठनं आणलात हा?" तर म्हणाले, "भावाचा हाय. भाऊ गेला, चष्मा ऱ्हायला. टाकायचा कसा?" वर्षभर ते थोरल्या भावाच्या नंबरातून स्वतःचं शेत बघत होते. मी म्हटलं, बाबा, फ्रेम भावाची राहू दे, काचा तुमच्या घालू. ते इतके खूश झाले की पुढच्या खेपेला घरचे घावन घेऊन आले आणि मी ते उभ्याउभ्याच खाल्ले.

सगळ्या गोष्टी अशा गोड होत नाहीत. ठाकुरवाडीच्या बाजूची एक बाई लेकीचा हात धरून आली होती. तिचा डोळा माझ्या काचेच्या पलीकडचा होता. मोठ्या दवाखान्यात जा, लगेच जा, असं परतपरत सांगितलं. पण सोबत जाईल त्याची मजुरी बुडते. भाताची आवणी होऊ दे, मग झोडणी होऊ दे, असं करत ती परत माझ्याकडे आली तेव्हा त्या डोळ्यात काही राहिलं नव्हतं. ती मला म्हणाली, "दुसरा हाय की." मी दुकान बंद करून घरी गेले.

तेव्हापासून मी ठरवलं की लोक येण्याची वाट बघायची नाही. दर गुरुवारी काचांची पेटी घेऊन खोपोलीपर्यंत गाडीने आणि पुढे टमटमने कुंभिवलीला जायचं आणि देवळाच्या ओट्यावर बसायचं. हायवेलगतच्या कारखान्यांत जाणाऱ्या बाया तिथून येता-जाता दिसतात. तिथेच यमुना भेटली.

यमुना चाळिशी ओलांडलेली, काटक, बोलायला फटकळ. एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होती. औषधाच्या बाटल्यांची पांढरी झाकणं एका टेबलावर ओततात आणि बाया त्यातली काळा ठिपका असलेली, चिरलेली झाकणं बाजूला काढतात. याला चेकिंग म्हणतात. बसून काम, डोक्यावर पंखा, म्हणून चेकिंगच्या टेबलाला मान. तिथून काढलं की लोडिंगला, म्हणजे खोकी उचलायला. यमुनाचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेलं आणि डॉक्टरने वजन उचलायला साफ मनाई केलेली. म्हणजे टेबल गेलं की तिची नोकरीच गेली. नवरा विटा उतरवताना पाठ जाऊन घरी बसलेला, मुलगी नर्सिंगला. घर यमुनाच्या डोळ्यांवर चाललं होतं आणि ते डोळे अंधुक व्हायला लागले होते.

तिला दोनचा नंबर निघाला. मी चष्मा करून दिला आणि विसरून गेले.

पुढच्या गुरुवारी आली. "काकू, ढिला होतोय. घसरतो." मी काड्या वाकवून घट्ट केला. त्याच्या दोन दिवसांनी कर्जतच्या दुकानात चाळिशीला टेकलेली एक बाई आली, गोल चेहऱ्याची. "कानामागं रुततोय हो, जरा सैल करा." चष्मा हातात घेतला आणि मनात म्हटलं, ही वाक माझ्या हातची दिसतेय. पण बोलले नाही, सैल करून दिला. गुरुवारी यमुना हजर. "काकू, परत ढिला!" शनिवारी ती गोल चेहऱ्याची. "काकू, परत रुततोय. आन् डोकं पन लय दुखतं." मी चष्मा काउंटरवर आपटला. "यमुना तुझी कोण गं?"

ती अशी दचकली की मलाच हसू आलं. "माझी मोठी जाव," म्हणाली. हिचं नाव सविता. दोघी एकाच टेबलावर, पण उलट्या पाळीत. एक सुटताना दुसरी आत शिरायची आणि संडासाच्या आडोशाला चष्मा या हातातून त्या हातात जायचा. यमुनाचं डोकं चिंचोळं, सविताचं रुंद. सविताला सव्वाचा नंबर पुरला असता आणि ती दोनच्या काचेतून आठ तास झाकणं बघत होती. डोकं दुखणार नाही तर काय होईल!

"अगं, दोन चष्मे एका महिन्यात जमत नाहीत हे मला कळतं," मी म्हटलं, "पण माझ्याशी बोलायचं तरी!"

"तसं नाय काकू. चष्मा लावनारी बाय चेकिंगला ठेवत नाय. म्हनतात, नजर गेली हिची, लोडिंगला टाका. आमी टोपीखाली लपवतो. सुपरवायझर फिरला का बाया खोकतात, मंग आमी काढतो."

म्हणजे त्या टेबलावर बारा महिने खोकल्याची साथ होती. यावर तिने आणखी एक कारण सांगितलं, ते तर मला पाठच होतं. सासूच्या नाकावर अजून चष्मा नाही, मग दोन्ही सुनांनी आपापले चष्मे केले तर वाडी काय म्हणेल? एक चष्मा 'घरचा' म्हणून खपतो. दोन म्हणजे सुना शेफारल्या. मी कपाळाला हात लावला. फ्रेम दोघींना जेमतेम बसेल अशी मधली वाक देऊन तिला पाठवलं आणि त्या रात्री यजमानांना म्हटलं, तुमच्या गणितात असलं उदाहरण आहे का कुठे?

आणि मग ते झालं. एका गुरुवारी सकाळी मी ओट्यावर पेटी उघडतेय तोवर सविता धावत आली. डोळे रडून सुजलेले. सोमवारी यमुना वाकली, टोपीतला चष्मा सुटला आणि थेट झाकणांच्या ढिगात पडला. सुपरवायझरने उचलला. "कुणाचा?" टेबलावर सगळ्या चिडीचूप. मग तो म्हणाला, शनिवारपर्यंत नाव सांगा, नाहीतर टेबलावरच्या सगळ्याच बाया बदलतो.

"आन् जाऊबायला आता कायपन दिसत नाय काकू. अंदाजानं झाकनं काढती. चांगली बाजूला टाकती, खराब सोडती. शनवारपत्तर ती आपोआपच सापडंल."

तिला तोंड धुवायला लावलं, चहा पाजला. दुसरा काही इलाज सुचत नव्हता. ती पाळीला गेली आणि दुपारी मोटारसायकलवरून एक उंच गृहस्थ ओट्यासमोर उतरला. पंचेचाळिशीच्या आसपासचा, कपाळाला गंध, खिशाला दोन पेनं. हाच सुपरवायझर दिलीप.

"मॅडम, तुमीच ना इथं चष्मे देता? ह्यो कुणाला दिलेला?" त्याने रुमालातून चष्मा काढला.

मी तो ओळखला. माझी मधली वाक! "कुणाला दिला ते मला माहीत आहे," मी म्हटलं, "पण सांगणार नाही."

"असं कसं? माल औषधाचा हाय. उद्या कंप्लेंट आली तर?"

"बरोबर आहे. चष्मा मालात पडणं वाईटच. दोरी लावली असती तर पडला नसता. पण दोरी लावायची तर चष्मा उघड लावावा लागतो."

"सांगत नाय तर नका सांगू. काडीवर नंबर छापलेला हाय, त्याच्यावरनं आमी काढू शोधून." त्याने चष्मा वर धरला. मग जरा लांब धरला. मग आणखी लांब, मान मागे घेऊन, उन्हाकडे कलता करून. "छप्पन्न... अठरा."

तिथे बावन्न-सोळा लिहिलेलं होतं. काचेचं माप आहे ते, त्या जातीच्या सगळ्या फ्रेमवर तेच.

"दिलीपराव," मी म्हटलं, "हात अजून लांब हवाय का तुम्हाला?"

तो एकदम तांबडा झाला. "ऊन डोळ्यावर येतंय."

"मग सावलीत या. बसा इथे. ही सुई, हा दोरा. ओवा."

"मला काय शिवायचंय?"

"ओवा हो! एवढं कारखान्याचं टेबल सांभाळता, एक सुई ओवता येत नाही?"

देवळात तांदूळ वाहायला आलेल्या दोन म्हाताऱ्या थांबल्या. त्यांना मी डोळ्यांनीच हाकललं. दिलीपने दोरा चाटला, सुई धरली, दोरा बाजूने गेला. परत चाटला, परत बाजूने. मग त्याने सुई खाली ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिला. मी त्याच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवली आणि दीडच्या काचा टाकल्या. पहिल्या झटक्यात दोरा आरपार गेला. त्याने तो ओढला, परत काढला, परत ओवला. लहान मुलाच्या हातात खेळणं द्यावं तसं चाललं होतं.

"वरीस झालं असंल," तो हळूच म्हणाला. "ठिपका हाय का नाय ते मला कळतच नाय. मी यमुनालाच इचारतो. बघ गं, ह्यो डाग हाय का? ती सांगती त्याच्यावर मी सही करतो." मग थांबला. "सोमवारपास्नं ती पन सांगंना. म्हनली, तुमीच बघा."

सोमवार हा शब्द त्याच्याच तोंडून निघाला आणि त्याच्याच कानात शिरला. त्याने हातातल्या चष्म्याकडे पाहिलं. "म्हनजे ह्यो..."

मी नाव सांगितलं नव्हतं, पण त्याला सुईसमोर बसवून मीच नाव काढून घेतल्यासारखं झालं होतं. आता हा उठून गेला तर यमुना संपली. मी एवढंच म्हटलं, "ज्या डोळ्यांवर तुम्ही सही करत होतात, ते हे डोळे."

त्याने तपासणीची फ्रेम नाकावरून काढली. "काकू," मॅडमची काकू झाली होती, "मी पन ठेकेदाराचाच मानूस हाय. दर सालाला करार नवा करतात. माझ्या नाकावर चष्मा दिसला तर उद्या मला पन खोकी उचलायला लावतील."

"कुणी सांगितलं?"

"आधीच्या सुपरवायझरनं. चेकिंगला चष्मा नको."

"त्याला कुणी सांगितलं?"

त्याला ठाऊक नव्हतं.

"बरं, तुमच्या वर कोण?"

"मॅनेजर सायेब."

"त्यांना चष्मा आहे?"

तो म्हणाला, "हाय की. ह्या एवढ्या जाड काचांचा." आणि बोलता बोलता बोटांनी जाडी दाखवताना त्याला हसू फुटलं. मलाही फुटलं. साहेबाच्या नाकावर आला की चष्मा हुशारीचा आणि बाईच्या नाकावर आला की म्हातारपणाचा. वर्षानुवर्षं ही माणसं कुणी न केलेल्या नियमाला घाबरून आंधळी कोशिंबीर खेळत होती. यावर मी त्याला जे सुनावलं ते सगळं छापण्यासारखं नाही. शेवटी तो उठला तेव्हा त्याच्या खिशात त्याचा दीडचा तयार चष्मा होता, आणि रुमालात यमुनाचा चष्मा, दोरी बांधलेला. तो काय करणार हे मात्र त्याने सांगितलं नाही. पुढचे तीन दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

रविवारी कारखान्याला सुटी. दुपारी दुकानात तिघी शिरल्या. पुढे यमुना, मागे सविता आणि मधोमध सासूबाई, पोलिसांनी धरून आणल्यासारख्या.

"काय झालं ते आधी सांग," मी ओरडलेच.

यमुना स्टुलावर बसली आणि पदराने वारा घेत सांगायला लागली. "शुक्रवारी सकाळी दिलीपभाऊ आले ते चष्मा लावूनच. बाया सवयीनं खोकल्या. तर म्हनले, खोकू नका गं, मला दिसतंय! मंग माझ्या म्होरं माझा चष्मा ठेवला. म्हनले, घाल. दोरी गळ्यात राहू दे, पडला तर माझ्याशी गाठ हाय."

"आणि मॅनेजर?"

"आला. आमच्याकडं बघितलं. गेला."

"काही बोलला नाही?"

"काय बोलनार? कायपन नाय."

मला आनंद झाला आणि त्याहून जास्त राग आला. इतकी वर्षं इतक्या बायांनी डोळे ताणले, काहींची कामं गेली आणि अडवणारं वर कुणीच नव्हतं. असो. त्या दिवशी मी दुकानात शेजारच्या हॉटेलातून सगळ्यांना वडे मागवले. फुशारकी म्हणा हवं तर, पण माझ्या कामाचा इतका अभिमान मला क्वचित वाटलाय.

पहिला मान सासूबाईंचा. "मला कशाला गं? मी काय चेकिंगला जाते?" त्यांचं चाललंच होतं. काच लावून तांदळाची ताटली पुढे केली तर म्हातारी खडे वेचत सुटली आणि मान वर करून मलाच म्हणाली, "असा तांदूळ घरात ठेवता तुमी?" जुन्या फ्रेमला मी सविताच्या नंबराच्या काचा घातल्या आणि तिच्या डोक्याएवढी सैल करून दिली. आता ती कुणासाठी परत घट्ट करायची नव्हती.

उरली यमुना. तिच्यासाठी मी काळी, करडी, तपकिरी अशा मळखाऊ फ्रेम मांडल्या. मजबूत, नजरेत न भरणाऱ्या. तिने त्यांना हात लावला नाही. ती काचेच्या कपाटाकडे बघत होती.

"ती लाल दावा."

"अगं, ती कॉलेजच्या पोरी घेतात."

"दावा तर खरं."

तिने ती चढवली आणि आरशात बघितलं. मी म्हटलं, "यमुना, नुकतं कुठे स्थिरस्थावर होतंय. साहेबाची नजर पहिली तुझ्यावरच जाईल."

"जाऊ दे ना. लांबनं कळलं पायजे, यमुनाच्या नाकावर चष्मा हाय."

मी काचा कापल्या आणि लाल फ्रेममध्ये बसवून दिल्या. तिने चष्मा डोळ्यांवर ठेवला, दोरी मानेवरून सारखी केली आणि दोघींना घेऊन पायऱ्या उतरली. जवळचा चष्मा लावून रस्त्याने चालायचं नसतं, अंदाज चुकतो, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगते. दारात जाऊन हाक मारायला तोंड उघडलं, तर ती भर बाजारपेठेत मान ताठ ठेवून, एकेक पाऊल चाचपत चालली होती. मी हाक मारली नाही.